दारात आठवणारं दुखणं

राजेश्री नेमकं काय शिकली, हा प्रश्न पेडगावात चार वर्षं गाजला आणि शेवटपर्यंत सुटला नाही. तिचे वडील दिनकरराव माणूस पाहून उत्तर द्यायचे. सरपंचाला म्हणायचे, "डॉक्टरच म्हणा की." मेहुण्याला म्हणायचे, "डॉक्टरच्या खालोखाल." आणि ज्याला खरंच थोडंफार कळतं असा एखादा मास्तर समोर आला, की गडी विषय बदलून सोयाबीनच्या भावावर यायचा. आई पार्वतीबाईचं उत्तर मात्र पहिल्या दिवसापासून एकच होतं. "दवाखान्यातलं शिकली," म्हणायची आणि भाकरी उलटायची. सगळ्यांत बरोबर उत्तर तेच होतं.

शिक्षणाचं नाव बी.एस्सी. फिजिशियन असिस्टंट. नीटला मार्क कमी पडले म्हणून कुणीतरी सुचवलं आणि पोरगी पुण्याला गेली. तीन वर्षं अभ्यास आणि एक वर्ष मोठ्या दवाखान्यात काम. डॉक्टरच्या आधी पेशंटला गाठायचं, काय होतंय ते विचारायचं, तपासायचं आणि नीट लिहून डॉक्टरपुढं ठेवायचं, हे तिचं काम. औषध लिहायचं ते डॉक्टरनं. कामाची वाटणी इतकी सोपी, पण पेडगावाच्या गळी उतरेल तर शपथ.

ती पदवी घेऊन घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर चार माणसं येऊन बसली. एकानं जीभ काढली, एकानं डोळ्याची खालची पापणी ओढून धरली. राजेश्रीनं एकेकाला अर्धा अर्धा तास विचारलं. कधीपासून, कुठं, जेवल्यावर की आधी, झोप लागते का, घरात आणखी कुणाला. माणसं खूश झाली. मग ती म्हणाली, "आता परभणीला डॉक्टरला दाखवा. मला गोळी देता येत न्हाई."

"मंग इतकं इचारलंस कशाला?" जीभ काढलेला म्हातारा चिडला. त्यानं जीभ आत घेतली आणि तो जो गेला तो परत आला नाही.

खरी गोष्ट अशी, की तिला विचारायलाच आवडायचं. पुण्यातल्या त्या वर्षात एकेक माणूस बोलता बोलता असा काही उलगडायचा, की तिला जेवायची शुद्ध राहायची नाही. पोट दुखतंय म्हणून आलेली बाई सासूवर घसरायची, सासूवरून उपवासावर, आणि उपवासात मुद्दा सापडायचा. हे काम आपल्याला जमतं हे तिला मनोमन ठाऊक होतं. फक्त ते कुणाला हवंय, एवढंच कळत नव्हतं.

परभणीत दवाखाने काही कमी नाहीत. राजेश्री आठ महिने त्यांच्या पायऱ्या चढली आणि उतरली. एका ठिकाणी विचारलं, "नर्सिंगचं रजिस्ट्रेशन आहे?" ती म्हणाली, मी नर्स नाही. "मग डॉक्टर?" तेही नाही. "मग?" या 'मग'ला तिच्याकडं चांगलं पाच मिनिटांचं उत्तर होतं, पण ऐकायला समोर कुणी थांबत नसे. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर सरळ बोलले. "बाळा, आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे डॉक्टर रोज माझ्या दाराशी उभे असतात. ते सोडून तुला घेऊ?" बोलणं चुकीचं नव्हतं, म्हणून जास्तच लागलं. तिसऱ्या ठिकाणी घ्यायला तयार झाले. रिसेप्शनला बसायचं, फोन घ्यायचे, गर्दी नसेल तेव्हा मॅडमच्या मुलाचा अभ्यास घ्यायचा. चौथ्या ठिकाणी तिचा बायोडाटा ठेवून घेतला आणि तिच्या डोळ्यांदेखत त्यावर चहाचा ग्लास टेकवला. कुठंही जा, पळसाला पानं तीनच.

अशात जिंतूरचे परमेश्वरकाका मदतीला धावले. दिनकररावांचे चुलतभाऊ, जिंतुरात औषधाचं दुकान, माणूस लाख मोलाचा. "पोरगी घरी बसून सुकायली," ते म्हणाले. "एक तारखेपासून धाडा माझ्याकडं. काउंटरवर चिठ्ठी बघायची, गोळ्या काढून द्यायच्या. घरचंच दुकान."

दिनकररावांना पटलं. "तीस तारखेपर्यंत हिंड," ते लेकीला म्हणाले. "त्याच्यानंतर काकाकडं. आता मलाबी लोकांला काय सांगावं कळंना."

यात कुणाचीच चूक नव्हती आणि राजेश्रीला रडू येत होतं. काउंटरवर चिठ्ठी येते, माणूस काउंटरच्या पलीकडंच राहतो. दोन वर्षं तिथं काढली, की हात गोळ्यांच्या पट्टीवर चालणार आणि विचारायची सवय जाणार, हे तिला दिसत होतं. आणि सवय गेली की चार वर्षांचं शिक्षण म्हणजे भिंतीवरची चौकट.

सत्तावीस तारखेला मोबाइलवर एका ग्रुपमध्ये जाहिरात आली. 'डॉक्टरांना असिस्टंट पाहिजे. समक्ष भेटावे. ओपीडी संपल्यावर.' दवाखाना वसमत रोडला, सूर्यभान डॉक्टरांचा. या डॉक्टरांना सगळा जिल्हा पहिल्या नावानंच ओळखायचा. हुशार माणूस, पण पेशंट इतके की मान वर करायला सवड नाही.

ती त्याच दिवशी पोचली तेव्हा एका जागेसाठी अकरा जण आलेले. चार होमिओपॅथीचे डॉक्टर, तीन नर्स, एक लॅबवाला, एक एम.एस्सी., एक जण हातात शिफारशीचं पत्र घेऊन, आणि ही. कंपाउंडर रंगनाथ वीस वर्षांपासून तिथं होता आणि दवाखाना आपणच चालवतो अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. त्यानं सगळ्यांना हात केला. "बसा. ओपीडी संपली की सायेब बोलवतील."

ओपीडी संपली नाही. जाहिरातीतली अट वाचून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, की सूर्यभान डॉक्टरांची ओपीडी कधी संपतच नाही. रात्री तिला कुलूप लावतात आणि सकाळी उघडतात.

राजेश्री पेशंटांच्या बाकावर बसली होती. शेजारी मानवतचे आश्रुबा नावाचे म्हातारे, मांडीवर फायलींची पिशवी. ते सारखे ओठ हलवत होते. "काय झालं बाबा?" तिनं विचारलं.

"पाठ करायलोय," आश्रुबा म्हणाले. "आत गेलं की इसरतं बघ. डॉक्टर म्हणतो, कसं हाय? आपण म्हणतो, बरं हाय. आता कुणी कसं हाय म्हणल्यावर वाईट हाय म्हणावं का? अन् मंग भाईर निघालं, दाराला हात लावला, की आठवतं. तव्हा म्हणलं, सायेब, एक सांगायचं ऱ्हायलं, तर डॉक्टर आंगावर येतो."

राजेश्रीला हसू आलं, कारण पुण्यातही हेच होतं. आमच्याकडची माणसं खरं दुखणं दारात सांगतात. आधी खोकला सांगतील, गुडघा सांगतील, पाऊसपाण्याचं सांगतील, आणि उठून निघताना मागं वळून म्हणतील, की रात्री छातीत कळ येते. तिनं पर्समधून वही काढली. "मला सांगा बाबा. मी लिहून देते, तुम्ही कागद पुढं करा." वीस मिनिटं तिनं विचारलं आणि अर्ध्या पानात सगळं लिहिलं, शिकवलं होतं तसं, ओळीनं. आश्रुबा आत गेले आणि चार मिनिटांत बाहेर आले. चेहऱ्यावर लग्नघरातून आल्यासारखा आनंद. "वरडला न्हाई," त्यांनी सगळ्या बाकाला सांगितलं.

मग काय विचारता! दुसऱ्या दिवशी ती आली तर बायका तिच्यासाठी जागा धरून बसलेल्या. "ती लिव्हणारी आली," अशी कुजबुज झाली. अकरातले सहा जण पहिल्याच दिवशी कंटाळून गेले होते, दुपारपर्यंत आणखी तीन गेले. मुलाखत काही होईना. पण राजेश्रीला घड्याळ बघायची आठवण राहिली नव्हती. दिवसभरात तिनं एकोणीस कागद लिहिले. आतमध्ये सूर्यभान डॉक्टर समोर आलेला कागद वाचत होते, दोन प्रश्न विचारत होते, औषध लिहीत होते. कागद कुठून येतात हे विचारायलाही त्यांना सवड नव्हती. रंगनाथला वाटलं, आज पेशंटच हुशार आलेत.

पण रंगनाथ काही दुधखुळा नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यानं नीट पाहिलं. एक तरुण पोरगी तीन दिवस बाकावर बसते, स्वतः आजारी नाही, सोबत कुणी आजारी नाही. पेशंटला नाव विचारते, गाव विचारते, दुखणं विचारते आणि वहीत लिहिते. रंगनाथच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पीआरओ! काही दवाखाने असली गोडबोली माणसं ठेवतात. ती दुसऱ्याच्या बाकावर बसून ओळख काढतात आणि पेशंटला हळूच आपल्याकडं वळवतात. मागच्याच महिन्यात एकानं याच दवाखान्याचे सात पेशंट पळवले होते. ती मुलाखतीला आलेली आहे हे रंगनाथला आठवलंसुद्धा नाही, कारण मुलाखतीला आलेली माणसं भिंतीला टेकून मोबाइल बघतात, पेशंटशी बोलत नाहीत.

तो असा विचार करत असताना राजेश्री पाण्याच्या फिल्टरपाशी धुरपदाबाईसोबत बसली होती. धुरपदाबाई आणि तिचा नवरा व्यंकटी सोनपेठच्या बाजूचे, दर साल ऊसतोडीला जाणारे. चार दिवसांत ट्रक येणार होता. धुरपदाबाईला चार महिन्यांपासून चक्कर येत होती. डॉक्टरांनी मागच्या खेपेला सांगितलं होतं, की असंच राहिलं तर नांदेडला जाऊन मेंदूचा फोटो काढावा लागेल, आणि चिठ्ठीही देऊन ठेवली होती. बाई त्या फोटोच्या धसक्यानं अर्धी झाली होती.

राजेश्रीनं पिशवी मागितली. आत औषध म्हणून फक्त व्यंकटीच्या बीपीच्या गोळ्या होत्या. रोज सकाळी एक, असं फायलीत लिहिलेलं. पण दहा गोळ्यांची पट्टी बिलाप्रमाणं पाच दिवसांपूर्वी घेतलेली आणि आत एकच शिल्लक.

"मावशी, काका दिवसाला दोन खातात का?"

"छ्या! त्यो तर कव्हा कव्हा खातबी न्हाई."

"मग पट्टी कशी संपली?"

धुरपदाबाईनं इकडं तिकडं पाहिलं, पदर ओठाला लावला आणि लाजत लाजत सांगितलं. "आगं, एकच पट्टी हाय दोघांत. चकरीची गोळी हाय ना ती. ज्याला चक्कर यील त्यानं खायची, असं ठरलंय आमचं. त्याला काय आता येत न्हाई. मलाच येती. मंग मी खाती. खाल्ली की घडीभर पडून ऱ्हाती, उठलं की पुन्ना गरगरतं. मंग आणीक एक खाती."

राजेश्रीनं कपाळाला हात लावला. धुरपदाबाईला बीपी नव्हताच. गोळीनं तिचा दाब खाली जात होता, त्यानं चक्कर येत होती, आणि चक्कर आली म्हणून बाई पुन्हा तीच गोळी खात होती. तिकडं व्यंकटीला गोळी मिळत नसल्यामुळं त्याचा दाब उतरत नव्हता, म्हणून डॉक्टर दर खेपेला गोळीची ताकद वाढवत होते. ती वाढवलेली गोळीही खात होती बायकोच. "गोळी चालू आहे का?" असं डॉक्टरांनी दोघांनाही विचारलं होतं आणि दोघांनीही "हाय की" म्हणून सांगितलं होतं. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

"हे डॉक्टरला सांगितलं का मावशी?"

"बाई गं! नवराबायकोतलं त्याला काऊन सांगू?"

तिनं भराभर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि कागद धुरपदाबाईच्या हातात दिला. तेवढ्यात रंगनाथ समोर येऊन उभा राहिला. "ओ ताई, उठा. कोणत्या दवाखान्याच्या तुमी?"

"मी मुलाखतीला..."

"लय बघितल्या असल्या मुलाखती! आमचे पेशंट पळवायला बसलात तीन दिवस. निघा. न्हाईतर सायेबांला सांगून पोलिसात देतो." बाकावरच्या बायका गडबडल्या. राजेश्रीला बोलायचं होतं, पण सगळे बघत होते. जिनं तीन दिवस सगळ्या बाकाला बोलतं केलं तिला स्वतःसाठी एक वाक्य सापडलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. वही पर्समध्ये टाकून ती बाहेर पडली.

रस्त्याच्या पलीकडं रसवंतीच्या सावलीत ती पेडगावच्या ऑटोची वाट बघत उभी राहिली. तारीख एकोणतीस. उद्या कुठं जायचं ते शिल्लक नव्हतं. तिनं परमेश्वरकाकांना फोन लावला. "काका, एक तारखेला येते मी."

"शाब्बास!" काका म्हणाले. ते मनापासून म्हणाले, म्हणून तिला जास्तच रडू आलं.

आत धुरपदाबाईचा नंबर लागला होता. डॉक्टरांनी कागद वाचला. मग परत वाचला. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. "हे खरं आहे का?" त्यांनी विचारलं. "नवऱ्याची गोळी तुम्ही खाताय?"

धुरपदाबाई छताकडं बघत बसली.

"किती खाताय रोज? बोला ना."

"म्या सांगितलंय तिला."

"कुणाला?"

"त्या पोरीला. एकदा सांगितलं, आता पुन्ना न्हाई सांगणार. लाज वाटती. तिलाच इचारा." व्यंकटी मधे काही बोलायला गेला तर बाईनं त्याच्याकडं असं बघितलं, की तो गप्प झाला. डॉक्टरांनी समजावलं, आवाज चढवला, पुन्हा समजावलं. बाई हलेना. बाहेर बत्तीस पेशंट होते. शेवटी त्यांनी बेल दाबली. "रंगनाथ, कोण मुलगी? बोलव तिला."

"सायेब, ती पीआरओ..."

"पीआरओ असं लिहीत नाही," डॉक्टरांनी कागद त्याच्या नाकासमोर धरला. "पळ."

रंगनाथ रस्ता ओलांडून धावत आला तेव्हा राजेश्रीचा एक पाय ऑटोत होता. धाप लागलेली, कपाळावर घाम. "ताई, चला. ती बाई बोलंना." माफी मागायची त्याला सवय नव्हती, म्हणून त्यानं ऑटोवाल्यालाच दम दिला. "जाय रे तू! दवाखान्याचं माणूस हाय हे."

राजेश्री आत आली. धुरपदाबाईनं लगेच सरकून स्टुलावर अर्धी जागा केली. तिला हाताला धरून बसवलं आणि मग तोंड उघडलं. मधे राजेश्री, एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला डॉक्टर. डॉक्टर विचारायचे, बाई राजेश्रीकडं तोंड करून सांगायची, आणि डॉक्टर लिहायचे. दाब मोजला, खालीच होता. डॉक्टरांनी नांदेडच्या फोटोची चिठ्ठी टराटरा फाडली. व्यंकटीला त्याच्या गोळ्या पहिल्याइतक्या हलक्या करून वेगळ्या दिल्या आणि त्या बायकोला दाखवायच्यासुद्धा नाहीत असं बजावलं. धुरपदाबाईनं मेंदूचा फोटो टळला म्हणून भिंतीवरच्या गणपतीला हात जोडले.

मग डॉक्टर राजेश्रीकडं वळले. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी तिला पाहिलं. "नर्स आहेस का?"

"नाही सर."

"डॉक्टर?"

"नाही."

"मग?"

आठ महिने जपून ठेवलेलं पाच मिनिटांचं उत्तर तिच्या तोंडाशी आलं. पण त्याआधी धुरपदाबाईच बोलली. "आता मंग काय, सायेब? तुमी लिव्हून देता. ही इचारती. आधी इचाराय नगं का?"

तीस वर्षांच्या डॉक्टरकीत सूर्यभान डॉक्टरांना इतकं रोखठोक कुणी सुनावलं नव्हतं. ते हसले, मोठ्यानं हसले, आणि मग एकदम थकल्यासारखे खुर्चीला टेकले. "मला विचारायचं असतं गं," ते राजेश्रीला म्हणाले. "पण वेळ कुठं असतो?" त्यांनी रंगनाथला हाक मारली. "बाजूची खोली मोकळी कर. टेबल टाक. आता जो पेशंट येईल तो आधी हिच्याकडं."

रंगनाथनं खोली मोकळी केली, टेबल स्वतः उचलून आणलं आणि फडक्यानं दोनदा पुसलं. पहिला पेशंट आत आला, मग दुसरा. रंगनाथनं आणून ठेवलेला बिस्किटाचा पुडा कोपऱ्यात तसाच राहिला. कुणाला गुडघा होता, कुणाला पोट, एका आजीला तर काहीच नव्हतं. तिचा लेक शहरात होता आणि फोन करत नव्हता. राजेश्रीनं तेही लिहिलं.

दिवेलागणीला तिचा फोन वाजला. पार्वतीबाई होती. दुपारी परमेश्वरकाकांनी घरी कळवलं होतं, पोरगी येणार म्हणून सगळे निश्चिंत झाले होते, आणि पोरीचा मात्र पत्ता नव्हता. "कुठं हायेस? जेवलीस का?"

"नाही," राजेश्री म्हणाली.

"सकाळपासून? का गं?"

समोर पेशंट बसला होता. दारात आणखी तिघं उभे होते. राजेश्रीनं पेन खाली ठेवलं. आठ महिन्यांत तिनं आईला जेवले म्हणून कितीदा खोटं सांगितलं होतं, भूक मेलेली असायची म्हणून. आज पोटात भुकेनं आग पडली होती, डोळे भरून आले होते, आणि ती हसत होती.

"वेळच मिळाला न्हाई, आई," ती म्हणाली.